गाण्यातली करणी, गावातला सूड

धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. दिवसा बाजार, शंकरपट, पाहुण्यांची वर्दळ, रात्री नाटक. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या सगळ्या धानपट्ट्याचा हा शिरस्ता आहे. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, पहाट होईस्तोवर खेळ चालतो. बाया चादरी, पोती, झोपलेली लेकरं घेऊन जागा धरतात. मीही धरते. लहानपणापासून धरत आले. म्हणून आधीच सांगते, मी नाटकाची वैरीण नाही. या मातीत बाईला रात्रभर घराबाहेर बसायची परवानगी मिळते ती या नाटकापायीच.

अशाच एका मंडईत पाहिलेलं नाटक. गोष्ट ओळखीची. पाटलाचा मुलगा एका गरीब पोरीला लग्नाचं वचन देतो. तिला दिवस जातात. मुलगा हात झटकतो, गाव तिला वाळीत टाकतं. एवढा सगळा अन्याय लेखकानं पाच मिनिटांत उरकला. मग आला खरा 'आयटम'. लाल दिवे, धूर, ऑक्टोपॅडचा दणका. ती पोर केस मोकळे सोडून स्मशानात येते, कणकेची बाहुली करते, तिला टाचण्या टोचते आणि सुडाचं गाणं म्हणते. गाण्याला दोनदा वन्समोअर मिळाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायांनी तोंडाला पदर लावला. शेवटच्या अंकात पाटलाचा मुलगा रक्त ओकतो आणि गाव त्या पोरीला काठ्यांनी झोडपून मारतं. तेव्हाही टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिंगवर पाणी भरताना एक बाई दुसरीला म्हणाली, "रातचं पाहिलं न वं? आपल्या गावातली बी तशीच हाये." आणि तिनं हनुवटीनं एका घराकडे खूण केली. त्या घरात एकटी म्हातारी राहते. नवरा गेलेला, मूल नाही, नावावर दोन बांध्या धानाची जमीन, आणि त्या जमिनीवरून दिराच्या पोरांशी धुऱ्याचं भांडण.

माझ्या हातातली बादली तशीच राहिली. मी रात्री टाळ्या वाजवल्या नव्हत्या, पण उठूनही गेले नव्हते.

हा लेख त्या गाण्याबद्दल आहे. तसल्या सगळ्या गाण्यांबद्दल आहे. 'गाणंच तर आहे, एवढं काय मनावर घेता?' असं म्हणणाऱ्यांना माझे दोन प्रश्न आहेत. गाण्यातली बाई सूड का घेते? आणि गाणं संपल्यावर, दिवे गेल्यावर, गावात सूड कोण कोणावर घेतं?

गाण्यातल्या जादूचे तीन प्रकार

आपल्या लोकप्रिय गाण्यांत जादू ठायी ठायी आहे. लावणी घ्या, तमाशातला वग घ्या, सिनेमातलं गाणं घ्या, लग्नात वाजणारं डीजेचं गाणं घ्या. ढोबळमानानं तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार प्रेमाचा. बाईनं मोहिनी घातली, चेटूक केलं, नजरेनं जादू केली. गोड वाटतं ऐकायला. पण जरा उलगडून बघा. पुरुष म्हणतोय, 'मी काहीच केलं नाही, जे झालं ते तिनं केलं.' म्हणजे पाय त्याचा घसरला, पण चिखल तिनं केला. उद्या तो तिला सोडून जाईल तेव्हाही हेच वाक्य कामाला येणार आहे. गाण्यात ते कौतुक असतं, पंचायतीत तो आरोप होतो.

दुसरा प्रकार विनोदाचा. यात मांत्रिक असतो, त्याची फजिती असते. इथे जादू करणारा पुरुष चालतो, आवडतोसुद्धा. १९९३ साली आलेल्या 'झपाटलेला' या सिनेमातला तात्या विंचू आठवा. मंत्राच्या जोरावर बाहुल्याच्या अंगात शिरणारा खुनी गुंड! महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या लेकरांनी त्याला डोक्यावर घेतलं. मंत्र येणारा पुरुष खलनायक असला तरी लाडका होतो. मंत्र येतो असा नुसता संशय असलेल्या बाईला मात्र कुणी खेळणं करून विकत नाही. तिला खांबाला बांधतात.

तिसरा प्रकार सुडाचा. फसवलेली, टाकलेली, वांझ म्हणून हिणवलेली, विधवा झालेली बाई करणी करते. या गाण्यात चाल असते, ठेका असतो, भीती असते. नसतो तो फक्त तिच्यावरच्या अन्यायाचा हिशेब. कुणी फसवलं, कुणी जमीन लाटली, कुणी घराबाहेर काढलं, यावर एक कडवंसुद्धा खर्च होत नाही. सगळी कडवी जातात लिंबू, बिबवा आणि बाहुलीवर.

दिवे गेल्यावर काय होतं

आता गाण्याबाहेर या.

२१ ऑगस्ट २०२१. चंद्रपूर जिल्हा, जिवती तालुका, वणी खुर्द. भानामती करता असा संशय घेऊन दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारलं. त्यांत बाया होत्या, म्हातारी माणसं होती. आजूबाजूला गाव उभं होतं.

१ मे २०२४. आपण महाराष्ट्र दिन, कामगार दिन साजरा करतो तो दिवस. गडचिरोली जिल्हा, एटापल्ली तालुका, बारसेवाडा. जादूटोण्याच्या संशयावरून पन्नाशीतली एक बाई आणि एक पुरुष यांना मारहाण करून जाळून टाकलं. पंधरा जणांना अटक झाली. त्यांत त्या बाईच्या स्वतःच्या घरातली माणसंही होती.

३० डिसेंबर २०२४. आपल्या शेजारचा मेळघाट, चिखलदरा तालुका, रेट्याखेडा. सत्याहत्तर वर्षांच्या आदिवासी म्हातारीला जादूटोणा करते म्हणून मारलं, मूत्र पाजलं, चपलांचा हार घालून गावातून फिरवलं. बाहेरच्या जगाला हे कळायला जानेवारी उजाडला.

या तीन घटना पेपरात आल्या म्हणून आपल्याला माहीत. ज्यांना नुसतं विहिरीवर येऊ दिलं नाही, ज्यांच्या हातचं पाणी बंद झालं, ज्या एका रात्री गाठोडं बांधून माहेरच्या गावी निघून गेल्या, त्यांची बातमी होत नाही.

मैत्रिणींनो, या तिन्ही ठिकाणी सूड कुणी घेतला? गाणं म्हणतं बाई सूड घेते. गावात तर सूड बाईवर घेतला जातो, आणि तिच्याबरोबर गावात जो सगळ्यांत दुबळा असेल त्याच्यावर. गाणं म्हणतं जादू बाईकडे आहे. पण एका कुजबुजीनं शंभर माणसांचे हात एका म्हातारीवर उठवणारी ताकद कुणाकडे आहे? खरी करणी तीच! तिला ना लिंबू लागतं ना बाहुली. एक नाव घेतलं की पुरे.

तळतळाटाची भीती

संशय कुणावर येतो ते नीट पाहा. जिच्या घरात चार भाऊ, दोन मुलगे आहेत तिच्यावर येत नाही. येतो एकटीवर. विधवेवर, टाकलेलीवर, मूल नसलेलीवर, जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे तिच्यावर, जिनं कुणाला तरी नकार दिला तिच्यावर, जी बोलायला फटकळ आहे तिच्यावर.

आपण शिबिरात सांगतो की जमिनीसाठी असं करतात. ते खरंच आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. जमीन हवी असणारा एक असतो, मारायला येणारे शंभर असतात. त्या शंभरांना काय हवं असतं? ते का घाबरतात?

मला वाटतं ते घाबरतात, कारण त्यांना माहीत असतं. त्या बाईवर काय काय झालंय हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तिचा धुरा कुणी सरकवला, तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला कुणी काय बोललं, तिची मजुरी कुणी बुडवली, रात्री तिच्या दाराची कडी कुणी वाजवली, सगळं. ती गप्प आहे. कोर्टात जायला तिच्याकडे पैसा नाही, पंचायतीत तिला कुणी बसू देत नाही. मग ती काय करेल? तळतळाट करेल. बोटं मोडेल. 'माझं खाल्लंस, तुझं तळपट होईल' म्हणेल. न्याय कुठेच मिळत नाही अशा माणसाचं शेवटचं हत्यार म्हणजे शाप. आणि शापाला भितो तो, ज्यानं शाप मिळण्यासारखं काही केलेलं असतं.

म्हणजे 'ती आमच्यावर सूड उगवेल' ही भीती हा गावाचा कबुलीजबाब आहे. तिच्याकडे सूड घेण्याजोगं कारण आहे, हे गाव कबूल करतंय. आणि कबुली देता देताच शिक्षा मात्र तिला देतंय! चोरानं म्हणावं, 'मी हिच्या घरी चोरी केलीय, ही मला पकडून देणार, म्हणून हिला आधी मारा.' त्यातला हा न्याय.

त्या सुडाच्या गाण्याला बायासुद्धा वन्समोअर देतात त्याचं कारण मला इथेच सापडतं. पाच मिनिटं का होईना, फसवलेल्या पोरीच्या हातात ताकद येते. पाटलाचा मुलगा घाबरलेला दिसतो. तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायांच्या डोळ्यांत मला भीती दिसली नाही, मजा दिसली. ती मजा मी समजू शकते. पण लेखक ती मजा फुकट देत नाही. शेवटच्या अंकात काठ्यांनी तिची वसुली करतो. 'ताकद मागितलीस ना? हे घे फळ.' घरी जाताना बायांनी न्यायचा धडा एवढाच.

लेकरू का गेलं?

संशयाला निमित्त लागतं आणि ते आजारपण पुरवतं. लेकरू तापानं गेलं, गाईचं दूध आटलं, बाईला दिवस राहत नाहीत. आपल्या भागात हिवताप किती आहे हे सांगायला नको. राज्यात गडचिरोलीचं नाव त्यात नेहमी वर असतं.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी झालेल्या बाया शंभरात आठ! अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, मूल न होणं हे सगळं बायांनी मुकाट्यानं अंगावर काढलं. ज्या दुखण्याचं नाव घ्यायला लाज वाटते, ज्याला डॉक्टर भेटत नाही, त्या दुखण्याला गाव स्वतःच नाव देतं. म्हणतं, करणी.

४ सप्टेंबर २०२४ ला अहेरी तालुक्यातल्या पत्तीगावच्या आईबापांची दोन लहान मुलं तापानं गेली. शववाहिका नाही म्हणून त्या दोघांनी एकेक मृतदेह खांद्यावर टाकून चिखलपाण्यातून जवळपास पंधरा किलोमीटरची वाट तुडवली. ते आधी पुजाऱ्याकडे गेले होते म्हणून शहाण्या लोकांनी त्यांना नावं ठेवली. पुजारी चालत जाण्याच्या अंतरावर असतो, बोलावला की येतो, आपल्या भाषेत बोलतो. दवाखाना यातलं काय करतो? अंधश्रद्धेवर भाषण देण्याआधी रस्त्याचा आणि गाडीचा जबाब द्या, असं आपण सरकारला विचारलं पाहिजे. नाहीतर लेकरू का गेलं या प्रश्नाला गावात एकच उत्तर उरतं, आणि ते उत्तर म्हणजे एखाद्या बाईचं नाव असतं.

'ही आमची संस्कृती आहे'

आता मुख्य आक्षेपाकडे येते. 'ही लोकांची कला आहे, आदिवासींची श्रद्धा आहे. तुम्ही चळवळवाल्या बाया सगळं पुसून टाकायला निघालात.'

मुळीच नाही. गोंड-माडियांची दैवतं, रेला नाचातली गाणी, पुजाऱ्याचं झाडपाल्याचं ज्ञान यांच्यावर आमचा खटला नाही. जादूटोणा म्हणजे आदिवासी, असं समीकरण मांडणाऱ्यांनी शहरातल्या वर्तमानपत्रांतल्या वशीकरणाच्या जाहिराती आणि मुंबईच्या लोकलमध्ये चिकटवलेली बाबांची पत्रकं वाचावीत. आमचा प्रश्न दैवताचा नाही. माणसाच्या अंगावर पडणाऱ्या काठीचा आहे.

जादू आणि सूड गाण्यात आले की दुबळ्याचाच बळी जातो असंही नाही. दूरचं एक उदाहरण सांगते. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील देशात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी आपली दैवतं आणि आपले ढोल जपले. १८८८ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, आणि दोनच वर्षांत, १८९० च्या दंडसंहितेत, जादू आणि मंत्रतंत्र हा गुन्हा ठरला. कागदावर तो अंधश्रद्धेविरुद्धचा कायदा होता. प्रत्यक्षात पोलिसांच्या धाडी काळ्या माणसांच्या देवघरांवर पडल्या. रिओ शहरात जप्त झालेल्या त्या पूजेच्या वस्तू पोलिसांच्या ताब्यातून संग्रहालयाकडे जायला २०२० साल उजाडलं.

पण त्याच माणसांच्या अंगणात सांबा हे गाणं वाढलं. रिओमधली सिआता मावशी मिठाई विकायची, आपल्या दैवतांची पुजारीणही होती. तिच्या घरी गवयांचा अड्डा जमायचा. १९१७ साली गाजलेल्या एका सुरुवातीच्या सांब्याचं नाव तिच्या घराशी जोडलेलं आहे. त्या लोकांच्या उंबांडा पंथात पोंबाजिरा नावाची एक स्त्रीशक्ती आहे. ती खदखदून हसते, सिगारेट ओढते, कुणाला भीत नाही. पुरुषानं छळलेल्या, फसवलेल्या बाया तिच्यापुढे गाऱ्हाणं घालतात, तिच्या नावानं गाणी म्हणतात. तिथली सगळी गाणी बायांच्या बाजूची आहेत असं मी म्हणत नाही. पुरुषसत्ता तिथेही आहेच. पण त्या गाऱ्हाण्यात 'मी' कोण आहे ते बघा. छळ झालेली बाई स्वतः बोलते. आपल्या गाण्यात तिला बोलायला लावतो तो तिला मारणारा गाव!

या वाटेवर पुढे काय झालं तेही ऐका. रिओच्या गरीब वस्तीत वाढलेली एल्झा सोआरेस ही काळी गायिका २०२२ साली वारली. २०१५ साली, पंचाऐंशीच्या घरात असताना, तिनं एक सांबा गायला. त्यातली बाई मारणाऱ्या पुरुषाला ठणकावते की मी १८० नंबर फिरवीन. १८० ही तिथली बायांसाठीची हेल्पलाइन. घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा तिथे २००६ साली आला, आणि नऊ वर्षांत तो गाण्यात उतरला. जिथे बाईच्या हातात फोन आणि कायदा येतो, तिथे तिला बाहुलीची गरज उरत नाही.

आपलीही चूक आहे

आपल्याकडेही कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. हा कायदा कुणाच्या देवाला हात लावत नाही. पण अमुक बाई करणी करते, तिच्या मंत्रानं गुरांचं दूध आटतं असं भासवणं हाच त्यात गुन्हा आहे. करणी, चेटूक अशा नावाखाली मारणं, नग्न धिंड काढणं, रोजचे व्यवहार बंद पाडणं हाही गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, वर दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे काठी उगारेपर्यंत थांबायचं कारण नाही. नाव घेतलं तिथेच कायदा सुरू होतो.

मग आपण स्त्रीसंघटनांनी आजवर काय केलं? खरं बोलायचं तर हा प्रश्न आपण अंनिसवर सोडून दिला. दारू आपला प्रश्न, हुंडा आपला प्रश्न, बलात्कार आपला प्रश्न. करणी मात्र 'अंधश्रद्धेचा प्रश्न'. अंनिसचे कार्यकर्ते गावात जाऊन चमत्कारामागचं विज्ञान सांगतात, ते मोलाचं काम आहे. पण लिंबातून लाल पाणी कसं निघतं हे कळल्यानं विधवेचा धुरा परत मिळत नाही. तो आपलाच प्रश्न होता आणि आहे.

आणखी एक बोचरी गोष्ट. अंगात येतं ते बहुतेक वेळा बाईच्या. एरवी जिला सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची मुभा नाही, ती अंगात आल्यावर केस सोडते, ओरडते, सगळ्यांना समोर बसवते. तिला बोलायला मिळणारी ती एकच जागा. आणि तिथे ती काय बोलते? कधी कधी दुसऱ्या बाईचं नाव घेते! आपला सगळा कोंडलेला संताप आपल्याहून दुबळ्या बाईवर काढते. बोरिंगवर हनुवटीनं खूण करणारीही बाईच होती. पितृसत्ता म्हणजे फक्त पुरुष नव्हेत, हे आपण शिबिरात फळ्यावर लिहितो. ते इथे जिवंत उभं असतं.

तरी बायांच्या गाण्याची दुसरी वाटही आपल्याकडे आहे. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या विदर्भातल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांत सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे, सासरच्यांची टिंगल आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करायला लावल्या, त्यांत बाईच्या जन्माचं सगळं दुःख नाव घेऊन उभं आहे. १९८३ साली 'मुलगी झाली हो' हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेनं आणलं आणि त्यातली गाणी गावागावात बायांच्या तोंडी बसली. गाण्यातून गाऱ्हाणं मांडायला बाईला बाहुली आणि टाचण्या कधीच लागल्या नाहीत. लागलं ते फक्त ऐकणारं माणूस.

मग करायचं काय?

बंदी नको. नाटकावर बंदी मागितली तर पहिली घरी बसेल ती आपल्याच भागातली नटी, जिचं वर्षाचं पोट हंगामाच्या चार महिन्यांवर चालतं. मला नको आहे ते गाणं थांबवणं. मला हवं आहे ते गाण्याचं राहिलेलं कडवं.

झाडीपट्टीच्या लेखकांना आपण हंगामाआधी भेटू. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांची मान ताठ झाली. दंडार आणि खडीगंमतीपासून चालत आलेली ही रंगभूमी आता कुणाच्या दयेवर नाही. मोठ्या कलेला मोठा प्रश्न विचारता येतो. त्यांना विचारू: पाच मिनिटांत उरकलेला तो अन्याय तुम्ही पहिल्या अंकात नीट दाखवाल का? त्या पोरीला पाटलाच्या मुलाचं नाव चौकात घेऊ द्याल का? शेवटी काठ्या कुणाच्या हातात आहेत, यावर एक गाणं लिहाल का? बघा त्यालाही वन्समोअर मिळतो की नाही.

गावात आपल्या मंडळांनी पहिल्या कुजबुजीलाच हलायचं. मारहाण झाल्यावर मोर्चा काढून बाई परत येत नाही. ज्या घराकडे बोट दाखवलं जातंय त्या घरी चार जणींनी उघडपणे जायचं, चहा प्यायचा, बाहेर अंगणात बसायचं. एकटी आहे म्हणून तिच्यावर संशय येतो ना? मग तिला एकटी ठेवायचंच नाही. ठाण्यात लेखी तक्रार द्यायची, पोच घ्यायची. या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे, तो कोण हे ठाण्यात विचारायचं. ११२ आणि १८१ हे नंबर दारावर लिहायचे. वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तोही वापरायचा.

आणि जमिनीचा कागद बघायचा. वनहक्क कायद्यात नवराबायको दोघांच्या नावे पट्टा द्यायची तरतूद २००६ पासून आहे. विधवेचं नाव सातबाऱ्यावर चढलंय का, धुरा मोजलाय का, हे मंडळानं विचारायचं. करणीचा उतारा मांत्रिकाकडे नाही, तलाठ्याकडे आहे असं मी म्हणते तेव्हा बाया हसतात. पण हसून झाल्यावर कागद काढून आणतात.

२०१० च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी चिमूरपासून नागपूरपर्यंत बाया पायी चालत गेल्या होत्या. २०१५ साली चंद्रपूरला मिळालेली ती बंदी २०२१ साली सरकारनं उठवली. पण तेवढं अंतर चालू शकणाऱ्या आपण, गावातल्या एका अंगणापर्यंत चालू शकत नाही?

त्या सकाळी बोरिंगवरून मी त्या म्हातारीच्या घरी गेले. ती सुपात धान पाखडत होती. म्हणाली, "रातच्या नाटकाले तू गेलतीस न? मले कोणी बोलावलंच नाही. गाणं मात्र इथवर आयकू येत होतं. लय मस्त म्हणत होती पोट्टी." मी विचारलं, गाण्यात काय होतं ते कळलं का? म्हातारी सूप खाली ठेवून म्हणाली, "शब्द नाही समजले, बाई. पण कोणीतरी लय रडत होतं."

दोन अंकांच्या नाटकाला जे कळलं नाही, ते भिंतीपलीकडून ऐकणाऱ्या त्या म्हातारीला कळलं. पुढच्या मंडईत तिला आपल्या शेजारी, पुढच्या रांगेत बसवायचं. मग बघू तिच्यासमोर ते गाणं कोण कसं म्हणतं.